दुपाखी घराचा नक्षीदार माथा: कशासाठी असतो, कुठे बिघडतो, कसा राखायचा

जालना, सेलू, परभणी, नांदेड, लातूर या गावांच्या जुन्या पेठांत मान वर करून पाहिलं, तर १९०० ते १९४० च्या दरम्यान बांधलेल्या घरांना दोन तऱ्हेचे तिकोनी माथे दिसतात. एक खरा. दोन्ही बाजूंना उतरणारं कौलांचं किंवा पत्र्याचं छप्पर, त्याच्या टोकाशी उभा राहिलेला भिंतीचा तिकोन आणि त्या तिकोनाच्या दोन्ही कडांनी उतरत आलेली कोरीव लाकडी झालर. दुसरा दर्शनी. घर माळवदाचं, वरून सपाट, पण रस्त्याकडच्या कठड्यावर विटा-चुन्यात उभारलेला तिकोन किंवा कमान. तिच्यात वेलबुट्टी, मोर, गणपती आणि खाली बांधकामाचं साल.

हे माथे झपाट्यानं नाहीसे होत आहेत. काही घरं पाडली जातात म्हणून, पण बरेचसे चांगल्या मनानं केलेल्या दुरुस्तीमुळे. नक्षी म्हणजे निव्वळ शोभा असं धरून चाललं की झालर काढून टाकायला किंवा चुन्यावर सिमेंट थापायला हात कचरत नाही. खरं तर यातला जवळपास प्रत्येक तुकडा घराची एखादी उघडी, कच्ची जागा झाकतो. ते काम कळलं की दुरुस्ती कशी करायची हे अर्धं तिथेच ठरतं.

तिकोन मराठवाड्यात आला कसा

चौपाखी छप्पर चारही बाजूंना उतरतं, त्यामुळे भिंती सगळीकडे एकाच उंचीवर संपतात. दुपाखी छप्पर दोनच बाजूंना उतरतं आणि उरलेल्या दोन टोकांना आढ्यापर्यंत तिकोन उरतो. खोली सोळा फूट रुंद आणि छपराचा उतार ३० अंशांचा असेल, तर आढं भिंतीच्या माथ्यापासून सुमारे ४ फूट ७ इंच वर जातं आणि तिकोनाचं क्षेत्रफळ ३७ चौरस फुटांच्या आसपास येतं. मंगलोरी कौलांना एवढा उतार लागतोच. तो फार कमी केला तर वाऱ्यासोबत पाणी कौलांच्या सांध्यातून वर चढून आत येतं.

आपल्याकडच्या जुन्या घरांना हा तिकोन नव्हता. पाऊस बेताचा, ऊन कडक, तेव्हा तुळया, कड्या, लाकडाच्या चिपा, पाला आणि त्यावर पांढरी माती असं माळवद इथे शोभायचं आणि आतून थंडही राहायचं. उतरतं छप्पर आलं ते रेल्वेसोबत. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेनं १९०० च्या सुमारास मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावं हैदराबादशी जोडली आणि बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. मंगलोरी कौलं, नालीदार पत्रे, कापीव सागवान हा सगळा अवजड माल आता वाघिणीतून यायला लागला. त्याआधी औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई इथे हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. निजामाच्या राज्यातल्या या फौजेच्या बंगल्यांवर उतरती छपरं आधीपासून होतीच. पण गावातल्या सुताराला जवळून बघायला मिळाली ती स्टेशनं, मालधक्के आणि जिनिंगच्या, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, शेड.

झालरीची मूळ तऱ्हा युरोपातली. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या करवती आल्या आणि पूर्वी पटाशीनं महिनाभर चालणारं कोरीव काम फळी भोकं पाडून कापली की दिवसात होऊ लागलं. ब्रिटनमध्ये सातव्या एडवर्ड राजाच्या काळात, म्हणजे १९०१ ते १९१० दरम्यान, साध्या मध्यमवर्गीय घरालाही असा माथा असायचा. तीच तऱ्हा रेल्वे आणि बांधकाम खात्याच्या नकाशांतून हिंदुस्थानभर पसरली. इथल्या कारागिरांनी मात्र ती तशीच उतरवली नाही. चुन्यातल्या नक्षीत त्यांचा हात आधीपासून बसलेला होता. बीबी का मकबऱ्यातलं सतराव्या शतकातलं गिलाव्याचं काम औरंगाबादेतच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभं आहे. म्हणून रचना बाहेरची आणि आतली पानं-फुलं इथली, असा मेळ या माथ्यांवर दिसतो.

प्रत्येक तुकड्याचं काम

आढं आणि त्याला समांतर जाणारी तिरं, म्हणजे छपराची आडवी लाकडं, तिकोनी भिंतीच्या बाहेर फूट-दीड फूट काढलेली असतात. त्यामुळे भिंतीवर थेट पाऊस येत नाही, पण लाकडाची कापलेली टोकं उघडी पडतात. लाकूड बाजूनं जेवढं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट ते कापलेल्या टोकातून पितं. झालरीची फळी या टोकांवर ठोकलेली असते, हे तिचं पहिलं काम.

दुसरं काम वाऱ्याचं. छपरावरून वारा जातो तेव्हा वर उचलणारी ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त बसते. वळिवाच्या वावटळीत कौलं उडतात ती बहुतेक कडेच्याच ओळीतली. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपासचं, ते नुसतं रिपेवर, म्हणजे आडव्या लाकडी पट्टीवर, अडकवलेलं असतं. झालर रिपांच्या वर कौलाच्या जाडीएवढी निघालेली असली तर वारा कडेच्या कौलाखाली शिरत नाही. पत्र्यालाही हेच लागू आहे.

शिखरावर दोन झालरी जिथे मिळतात तो सांधा ऊन-पावसानं उघडणारच. तो झाकायला कळस असतो: तीन-चार इंच चौरस खुंट, खाली खाचा पाडलेल्या, त्यात दोन्ही फळ्या घुसलेल्या. वरचं टोक निमुळतं, म्हणजे पाणी थांबत नाही. खालचं टोक झालरीच्या खाली लोंबतं, त्याला कोरून लोलकाचा आकार देतात. वरून उतरलेलं पाणी त्या टोकाशी गोळा होऊन भिंतीपासून लांब थेंबाथेंबानं पडतं. वळचणीच्या पागोळ्यांना आपण जशी जागा करून देतो, तशीच ही सोय.

तिकोनाच्या पोटातला गोल झरोका किंवा झिलमिलीची खिडकी पोटमाळ्यातली गरम हवा काढते. ती दोन्ही टोकांना असेल तरच उपयोग. एका बाजूचा झरोका बुजवला की दुसराही निकामी होतो आणि मे महिन्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. पाखरं आणि मधमाश्या नकोत म्हणून झरोका बुजवू नका, आतून बारीक जाळी लावा.

झालर कशी करतात

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण नवी झालर लावली आणि पाच वर्षांत दात पडले, ही तक्रार फार ऐकू येते.

फळी जुन्या सागाची किंवा पूर्ण वाळलेल्या सागाची, जाडी एक ते सव्वा इंच, रुंदी आठ-नऊ इंचांपर्यंत. जास्त रुंद फळी उन्हानं वाकते. सोळा फुटी खोलीला एका बाजूच्या उताराची लांबी सव्वानऊ फूट, वळचणीच्या बाहेरचा भाग धरून साधारण ११ फूट, म्हणजे १३२ इंच. नक्षीचा एक घास, म्हणजे परत परत येणारा एक तुकडा, ६ इंचांचा धरला तर बरोबर २२ घास बसतात. मापात उरलासुरला तुकडा आला तर तो खालच्या टोकाला घ्यायचा. शिखराशी दोन्ही बाजूंची नक्षी आरशासारखी जुळलीच पाहिजे, कारण नजर तिथेच जाते.

दातांच्या आकारात सगळ्यात जास्त चुका होतात. उताराच्या झालरीत लाकडाचे तंतू फळीच्या लांबीनं धावतात आणि दात त्यांना आडवा कापलेला असतो. म्हणून हा दात जितका रुंद त्याहून खोल असता कामा नये, नाहीतर तो मुळाशी तंतूंच्या रेषेवर मोडतो. स्टेशनच्या फलाटावरच्या छपराला लांबलचक, भाल्यासारख्या दातांची झालर असते, तिचे दात का टिकतात? तिथे चार ते सहा इंच रुंदीच्या सुट्या पट्ट्या उभ्या लावलेल्या असतात. तंतू वरून खाली जातात, त्यामुळे दात लांब असला तरी मजबूत राहतो. स्टेशनचा नमुना घरच्या उताराच्या एकसंध फळीवर उतरवला की तो मोडणार हे ठरलेलं.

कापण्याचा क्रम असा: पुठ्ठ्याचा नाही, पातळ प्लायचा किंवा पत्र्याचा साचा करायचा. त्यावरून फळीवर आखायचं. जिथे नक्षीचा आतला कोपरा येतो तिथे आधी गिरमिटानं भोक पाडायचं, मग त्या भोकापर्यंत करवत न्यायची. गोल भोकात संपलेला काप पुढे चिरत नाही, टोकदार कोपरा चिरतो. जुन्या झालरीत पानाच्या देठाशी जे गोल भोक दिसतं त्याचं मूळ इथे आहे. सगळं कापून झाल्यावर, फळी वर चढवण्याआधी, मागच्या बाजूसकट सर्व कडांना उकळलेलं जवसाचं तेल दोन हात द्यायचं आणि कापलेल्या टोकांना तीन-चार. एकदा ठोकल्यावर मागच्या बाजूला ब्रश पोचत नाही आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते.

लांबीत जोड द्यायचा तर तो तिराच्या टोकावरच यावा आणि तिरका कापावा, वरचा तुकडा खालच्यावर चढलेला. खिळ्यांऐवजी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. साधा लोखंडी स्क्रू सागात काळा डाग पाडतो आणि गंजून भोक मोठं करतो.

चुन्यातला माथा

माळवदाच्या घरावरचा दर्शनी माथा आतून भाजक्या विटांचा, बहुधा नऊ इंच जाडीचा असतो. त्यावर गिलाव्याचे तीन थर: पहिला १२ ते १५ मिलिमीटर, दुसरा ६ ते ८, आणि वर निरूचा, म्हणजे बारीक चुन्याचा, दोन-तीन मिलिमीटरचा गुळगुळीत हात. सरळ धावणाऱ्या पट्ट्या आणि गोलव्या हातानं काढलेल्या नसतात. लाकडी हातळीत पत्र्याचा कापलेला फर्मा बसवून तो ओल्या चुन्यावरून पुन्हापुन्हा ओढतात. पानं, मोर, मूर्ती मात्र हातानं लावलेली असतात. त्यांच्या पोटात विटांचे तुकडे, कधी लाकडी खुंट्या, आणि पुढच्या काळात लोखंडी सळया असतात.

हिंदुस्थानात पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला तो १९१४ मध्ये. त्याआधीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच काळातल्या गावाकडच्या कामात चुनाच आहे असं धरून चालावं. कळीचा चुना विरवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरवायचा. मग एक भाग मुरलेला चुना, दीड भाग धुतलेली वाळू, दीड भाग सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. वर म्हटलेल्या ३७ चौरस फुटांच्या तिकोनाला सरासरी २० मिलिमीटर जाडी धरली तर नासधुशीसह सुमारे ८० लिटर मसाला लागतो. त्यासाठी २७-२८ लिटर मुरलेला चुना पुरतो, कारण चुना वाळूच्या फटींत भरतो, मसाल्याचं आकारमान वाढवत नाही. गूळपाणी, बेलफळ, हिरडा यांचा काढा मसाल्यात घालण्याची रीत होती. तो घातला तर अगदी थोडा. जास्त झाला तर चुना लवकर बळकट होण्याऐवजी भुसभुशीत राहतो.

हे काम दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर करावं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला आठवडे लागतात आणि त्या काळात ओल टिकावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात त्याचं पाणी तासाभरात उडतं, मग वरून कोरडा दिसणारा गिलावा नखानं खरवडला तरी पीठ होतो. ओलं गोणपाट लावून दोन आठवडे तरी सांभाळा.

सालावरून वय काढताना

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे माथ्यावरचं साल इसवी सनाचं असेलच असं नाही. शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, हैदराबादची फसली, म्हणजे महसुली वर्षगणना, असेल तर ५९० मिळवा. यात वर्षाचा फरक पडू शकतो, कारण ही वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत. नुसतं १३२५ असं लिहिलं असेल तर सावध राहा. फसली धरलं तर ते १९१५-१६ येतं, हिजरी धरलं तर १९०७-०८. कुठली गणना हे शेजारचा मजकूर, लिपी आणि घरमालकाचे जुने दस्त यांवरून ठरवावं लागतं.

कौलाच्या पाठीवरचा शिक्काही फसवतो. बासेल मिशन या युरोपीय मिशनरी संस्थेच्या कौलांवर १८६५ असं साल दिसतं. ते मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं, कौल भाजल्याचं नव्हे. कॉमनवेल्थ ट्रस्टचा शिक्का असेल तर मात्र ते कौल पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण तेव्हा ते कारखाने हातबदल होऊन या नावानं चालू लागले. अर्थात छप्पर मागाहून शाकारलेलं असू शकतं, तेव्हा चार कौलं उलटून न बघता निष्कर्ष काढू नका.

बिघाड आणि त्यांची मुळं

सगळ्यात मोठा शत्रू सिमेंटचा गिलावा. मराठवाड्यातल्या जुन्या भिंतींत माती, पांढरी, मऊ विटा आणि चुना असतो. त्या जमिनीतली आणि पावसाची ओल घेतात आणि पृष्ठभागावरून सोडतात. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल सिमेंटच्या मागे साठते, क्षार तिथेच फुटतात, विटेला लोणा लागतो आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटचा ताव जुनी नक्षी सोबत घेऊन सुटतो. प्लास्टिक पेंटचंही तेच. चुन्याच्या माथ्याला चुन्याचाच रंग द्या.

माळवदाच्या घरात दुसरं कारण मागच्या बाजूला असतं आणि रस्त्यावरून दिसत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची रीत. पन्नास-साठ वर्षांत थर चढतो, माथ्याचं बूड मातीत गाडलं जातं, पन्हळी वरून बुजतात. पुढून नक्षी फुगलेली दिसली तर आधी शिडी लावून मागे पाहा. बहुतेक वेळा दुरुस्ती जुनी माती उतरवण्यापासून आणि पन्हळ मोकळी करण्यापासून सुरू होते.

पिंपळाचं रोप सांध्यात दिसलं तर ओढून काढू नका. मूळ आत तुटतं आणि जोमानं फुटतं, शिवाय विटा हलतात. खोड बुडाशी कापून ताज्या कापावर तणनाशक लावा, मूळ मेल्यावर फट चुन्यानं भरा. नक्षीच्या पोटातली सळई गंजली असेल तर वरून भेग भरून उपयोग नाही, कारण गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि भेग परत उघडतो. तेवढा भाग उकलून सळई काढावी आणि स्टेनलेस स्टीलची घालावी.

पत्र्याच्या छपरात वेगळी भानगड. दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकानं, उन्हातला पत्रा ४० अंशांनी बदलला तर दहा फुटांत दीड मिलिमीटरच्या जवळपास सरकतो. नुसत्या खिळ्यानं ठोकलेलं भोक असं रोज घासून मोठं होतं आणि झालरीच्या मागे नेमकं तिथून पाणी झिरपतं. हुक बोल्ट, खाली डांबरी वॉशर, आणि भोक नालीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात कधीच नाही. गारपिटीत कौलं फुटतात तेव्हा बदलायला लागणारी कौलं त्याच साच्याची शोधावी लागतात, म्हणून पाडकामाच्या जागेवरून पन्नासएक कौलं घेऊन ठेवलेली बरी. नवं छप्पर घालायचं तर एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, १४० ते १५० कौलं धरतात.

भूकंपाचा विचार टाळू नका

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली. दीड फूट मातीच्या माळवदाचं वजन चौरस मीटरला सातशे किलोच्या आसपास भरतं. कौलारू छपराचं रिपांसह पन्नासएक किलो. हलकं छप्पर त्या अर्थानं बरं, पण त्याच्या टोकाचा तिकोन धोक्याचा. तो तिन्ही कडांपैकी फक्त खालच्या कडेला धरलेला असतो आणि आडव्या धक्क्यात सगळ्यात आधी बाहेर पडतो, नेमका रस्त्यावर. म्हणूनच भूकंपरोधक बांधणीच्या आयएस ४३२६ या मानकात तिकोनाच्या उतारालगत वेगळा पट्टा सांगितलेला आहे. जुन्या घरात तिकोनाचा वरचा दगड-मातीचा भाग उतरवून तिथे सागवानी फळ्या लावणं हा चांगला मार्ग. वजन जातं, झालर आणि झरोका जागच्या जागी राहतात आणि रस्त्यावरून फरक जाणवत नाही. चुन्याच्या दर्शनी माथ्याची उंची त्याच्या जाडीच्या तिपटीहून जास्त असेल, म्हणजे नऊ इंची भिंतीला सव्वादोन फुटांच्या वर, तर मागून आधार हवाच. तो कशात अडकवायचा हे मात्र रचना अभियंत्यानं प्रत्यक्ष पाहून ठरवावं, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये.

काम सुरू करण्याआधी

काहीही काढण्याआधी समोरून, सरळ, पट्टी टेकवून फोटो घ्या. झालरीचा एक पूर्ण घास कागदावर पेन्सिलीनं घासून उतरवा. गिलाव्याच्या गोलवीचं माप पातळ पत्रा कापून घ्या, तोच पुढे फर्म्याचा नमुना होतो. निघालेला प्रत्येक तुकडा, मोडका असला तरी, नंबर घालून ठेवा. जुन्या सागाचा दोन फुटी तुकडाही जोडकामाला उपयोगी पडतो. कंत्राटदाराला बोली देताना 'डागडुजी' असं मोघम लिहू नका. चुना किती दिवस मुरलेला, वाळू धुतलेली का, लाकूड कुठलं आणि किती जाडीचं, स्क्रू कसले, हे कागदावर यायला हवं.

एवढं झाल्यावर दरवर्षी मृग लागण्याआधी अर्धा दिवस पुरतो. कळसाचा सांधा, पश्चिमेकडच्या झालरीचं खालचं टोक, कडेच्या कौलांची ओळ, झरोक्याची जाळी, माळवद असेल तर पन्हळी. पश्चिमेच्या बाजूला आधी शिडी लावा. पावसाळी वारा तिथूनच येतो आणि तिकडची झालर पूर्वेकडच्या झालरीआधी कितीतरी वर्षं कुजते.